कॉल लागला, बोललं कोण?

मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. कागदावर नाव मोठं आहे. गावात मला 'सेंटरवरच्या मॅडम' म्हणतात. धाराशिव जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात माझी नेमणूक आहे. कोणत्या ते सांगणार नाही, कारण पुढची गोष्ट जिची आहे तिने ती सांगायची परवानगी मला दिलेली नाही. मी ती मागायलाही गेले नाही. हिंमत झाली नाही.

पाडवा होऊन आठवडा झाला होता. ऊसतोडीला गेलेली माणसं गावात परतत होती. त्यातलीच एक विशीतली बाई सासूबरोबर आली. आठवा महिना. "डोकं दुखायलंय म्हणती, अन् छातीखाली जळजळायलंय," सासू म्हणाली. मी बीपी घेतलं. १३८/८८. टॅब उघडला, ई-संजीवनीवर नोंद केली, रांगेत थांबले. बऱ्याच वेळाने पडद्यावर डॉक्टर आले.

"बोला."

"सर, एएनसी पेशंट, बत्तीस आठवडे. हेडॅक आणि अ‍ॅसिडिटी."

"बीपी?"

"१३८/८८."

"बॉर्डरलाइन आहे. पॅरासिटामॉल, अँटासिड देऊन टाका. आठवड्याने परत बघा."

माझ्या पाठीमागे आशाताई उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, हिच्या बांगड्या चढंनात आता…" मी मान न वळवता हात केला. "थांबा ताई, सर बोलतायत."

कॉल संपला. तीन मिनिटं आणि वर काही सेकंद. गोळ्या दिल्या, बाई गेली. तिसऱ्या रात्री तिला झटके आले. १०८ आली, तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. बाई वाचली. बाळ राहिलं नाही.

नंतर मी कपाटातलं रजिस्टर काढलं. तिसऱ्या महिन्यात तिचं बीपी १००/६० होतं. माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेलं. कायम १३८ असणारं बीपी आणि १०० वरून १३८ वर चढलेलं बीपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षात शिकवलं होतं. आशाताईंना तिच्या हातांची सूज दिसली होती, डोळ्यांपुढं काजवे चमकतात हे त्यांनी घरी जाऊन ऐकलं होतं. लघवीतलं प्रोटीन तपासायच्या पट्ट्या टेबलाच्या खणात होत्या, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. डॉक्टरांना प्री-एक्लॅम्प्सिया माझ्यापेक्षा दहापट जास्त कळत असणार. म्हणजे त्या खोलीत आणि त्या पडद्यावर मिळून सगळं ज्ञान हजर होतं. ते एकत्र आलं नाही.

काही महिन्यांनी एका प्रशिक्षणात ते डॉक्टर भेटले. माझ्याच वयाचे. त्यांनीच आवाजावरून ओळखलं. चहाच्या टेबलाशी त्यांनी विचारलं, "तुम्ही बोलला का नाहीत?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाहीत." मग ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "खरं सांगू? उपकेंद्रात लघवी तपासता येते, हेच मला माहीत नव्हतं."

हे त्यांना माहीत नाही, हे मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून टेलिमेडिसिनचं कौतुक ऐकलं की माझं डोकं तापतं. आणि टेलिमेडिसिनला शिव्या ऐकल्या तरी तापतं. दोन्ही बाजू एकाच गोष्टीबद्दल बोलतात: नेट, टॅब, कॅमेरा, सर्व्हर. रेंज आली की गाव आणि शहर जोडलं गेलं, असं धरून चालतात. आमच्या त्या दिवशी रेंज फुल होती. आवाज स्वच्छ होता. तुटलेलं होतं ते तीन माणसांमधलं काहीतरी, आणि ते कंपनीच्या टॉवरने दुरुस्त होणारं नव्हतं. ते कॉलेजात तुटतं. मला भांडायचंय ते कॉलेजांशी.

आधी यंत्रणा कशी चालते ते सांगते, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी ती फक्त जाहिरातीत पाहिली आहे. ई-संजीवनीचे दोन प्रकार आहेत. एकात पेशंट घरून थेट डॉक्टरशी बोलतो. हा प्रकार एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउनच्या काळात सुरू झाला. दुसरा त्याच्याही आधीचा, नोव्हेंबर २०१९ चा. त्यात पेशंट उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो, तिथला कर्मचारी त्याला तपासतो आणि दूरच्या डॉक्टरला जोडतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये या सेवेने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. आकडा खरा आहे आणि मोठा आहे. पण गावातला सल्ला म्हणजे मुळात डॉक्टर आणि पेशंट अशा दोघांचं बोलणं नसतंच. ते तिघाचौघांचं काम असतं: ज्याने घरी जाऊन पाहिलं तो, ज्याने हात लावून तपासलं तो, ज्याने दुरून निदान केलं तो आणि ज्याला दुखतंय तो. या चौघांनी एकत्र काम कसं करायचं, हे त्यांना कुणी, कधी, कुठे शिकवलं? उत्तर सोपं आहे. कुणीच नाही, कधीच नाही, कुठेच नाही.

मी बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं केली. आमच्याच वॉर्डात एमबीबीएसची मुलं यायची. चार वर्षांत मला त्यांतल्या एकाचंही नाव कळलं नाही. त्यांना आमचं कळायचं काही कारण नव्हतं. आम्ही सगळ्या 'सिस्टर'. राउंड निघाला की पुढे प्रोफेसर, मग लेक्चरर, मग रेसिडेंट, मग इंटर्न, मग विद्यार्थी आणि सगळ्यात मागे फाईल धरलेली सिस्टर. पेशंट रात्री किती वेळा उठला, हे त्या रांगेत फक्त शेवटच्या माणसाला माहीत असायचं. तिथून ते पुढे पोचायचं नाही. कुणी दुष्ट होतं म्हणून नव्हे. रांगेची रचनाच तशी होती. त्या रांगेत मी चार वर्षं उभी राहिले आणि तीच रांग मनात घेऊन उपकेंद्रात आले. म्हणून तर आशाताई बोलल्या तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. मला जसं गप्प बसवलं गेलं, तसंच मी त्यांना बसवलं. उतरंड शिकवावी लागत नाही, ती मुरते.

गंमत बघा. महाराष्ट्रात एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी या सगळ्यांचं विद्यापीठ एकच आहे: नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ मध्ये स्थापन झालेलं. डिग्रीवर शिक्का एक, कुलगुरू एक. पण एका नर्सने आणि एका एमबीबीएसवाल्याने शेजारी बसून एक पेशंट सोडवायचा, असा एक तास माझ्या चार वर्षांत आला नाही. एकाच छताखाली इतक्या भिंती घालणं हेही कौशल्यच म्हणायचं.

कागदावर मात्र सगळं गोड आहे. २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमात डॉक्टरच्या ज्या पाच भूमिका सांगितल्या आहेत, त्यात 'आरोग्य टीमचा नेता आणि सदस्य' ही एक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आंतरव्यावसायिक शिक्षणाचा आराखडाच काढला. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: वेगवेगळ्या आरोग्य व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायचं. भारताची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ला आली. त्यात नर्स, एएनएम यांच्यासारख्या आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत होणारा सल्ला हा स्वतंत्र प्रकार म्हणून मान्य केला आहे. पण त्याच तत्त्वांमध्ये प्रशिक्षणाचं काय म्हटलंय? डॉक्टरांनी तीन वर्षांच्या आत एक ऑनलाइन कोर्स पूर्ण करायचा. फक्त डॉक्टरांनी. एकेकट्याने. पडद्यासमोर. टीमने करायच्या कामाचं शिक्षण एकट्याला द्यायचं, म्हणजे कबड्डी घरात आरशासमोर शिकवण्यासारखं आहे.

आणि आमचं प्रशिक्षण? मला शिकवलं ते लॉगिन कसं करायचं, फोटो कसा अपलोड करायचा, कॉल कट झाला तर काय दाबायचं. डॉक्टर घाईत असेल तर काय बोलायचं, हे नाही. त्यांचं म्हणणं पटलं नाही तर कसं सांगायचं, हे तर नाहीच.

यावर सगळ्यात पहिला आक्षेप येतो तो असा: "टीमवर्क अनुभवाने येतं, ते शिकवायची गोष्ट नाही." साफ खोटं. अनुभवाने मला गप्प बसणं आलं. बोलणं शिकवावं लागतं, आणि ते शिकवण्याच्या पद्धती जगात आहेत. त्यातली एक तर अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून दवाखान्यात आली. वरिष्ठाला कमी वेळात, न घाबरता माहिती द्यायची चार पायऱ्यांची पद्धत. आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतंय, मला तुमच्याकडून काय हवंय. बस. ती पद्धत मला यायची असती तर त्या दिवशी मी हे बोलले असते: "सर, बत्तीस आठवड्यांची बाई, डोकं दुखतंय, छातीखाली दुखतंय, बीपी १३८/८८. तिसऱ्या महिन्यात १००/६० होतं, हातांवर सूज आहे. मला प्री-एक्लॅम्प्सियाची शंका येतेय. मी आत्ता लघवी तपासते, तुम्ही लाइनवर थांबा." मोठ्याने वाचून बघा. अर्धा मिनिटही लागत नाही. आमच्याकडे तीन मिनिटं होती.

यातली तिसरी पायरी, 'मला काय वाटतंय', ही आमच्याकडे सगळ्यात अवघड. नर्सला काही वाटू शकतं, हे वाक्यच अजून व्यवस्थेच्या घशाखाली उतरत नाही. आणि नर्सच्याही.

आता माझा मुख्य मुद्दा. हे शिकवायला टेलिमेडिसिनचा कॉल ही सगळ्यात चांगली जागा आहे. वॉर्डपेक्षा चांगली. कारण वॉर्डात डॉक्टरला स्वतःचे हात असतात. तो पोट दाबून बघू शकतो, पापणी खाली ओढून बघू शकतो, सिस्टरला न विचारता निघून जाऊ शकतो. पडद्यापलीकडच्या डॉक्टरला हात नसतात. त्याचे हात म्हणजे मी. त्याचे कान म्हणजे मी लावलेला स्टेथोस्कोप. त्याची वीस वर्षांची ओळख म्हणजे आशाताई. जो विद्यार्थी पंचविशीच्या आत दहा वेळा त्या खुर्चीत बसेल, त्याला कळेल की विचारल्याशिवाय आपल्याला काहीच दिसत नाही. नम्रतेवर दहा व्याख्यानं देऊन हे येणार नाही.

आणि उलटही करायला हवं. एमबीबीएसच्या मुलाला उपकेंद्राच्या बाजूला बसवा. लाइट गेलेली, बाहेर पंधरा माणसं, टॅबवर डॉक्टर 'लवकर सांगा' म्हणतोय, आणि समोरची म्हातारी 'पोटात गोळा उठतोय' यापलीकडे काही सांगत नाहीये. त्या गोळ्याचं भाषांतर त्याने करावं. नर्सिंगच्या मुलीला डॉक्टरच्या बाजूला बसवा. तीन ओळींची अर्धवट माहिती घेऊन निर्णय करण्याची जबाबदारी किती जड असते, हे तिला कळू दे. मलाही ते कळायला हवं होतं. त्या डॉक्टरांच्या रांगेत त्या दिवशी किती कॉल थांबले होते, याचा विचार मी त्यांना भेटेपर्यंत केला नव्हता.

दुरून, पडद्यावरून, वेगवेगळ्या व्यवसायांच्या माणसांना एकत्र शिकवता येतं का? येतं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा नावाच्या भारतीय वंशाच्या यकृततज्ज्ञाने २००३ मध्ये 'प्रोजेक्ट एको' सुरू केला. हिपॅटायटिस सीचे पेशंट त्यांच्याकडे शेकडो किलोमीटरवरून यायचे, महिनोन्महिने थांबायचे. त्यांनी पेशंट बोलावण्याऐवजी गावातल्या दवाखान्यांतल्या लोकांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र बसवलं. प्रत्येकाने आपला पेशंट मांडायचा, सगळ्यांनी मिळून सोडवायचा. २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आले: विद्यापीठाच्या तज्ज्ञ दवाखान्यात ५७.५ टक्के पेशंट बरे झाले आणि गावातल्या, तुरुंगातल्या साध्या केंद्रांवर ५८.२ टक्के. म्हणजे तज्ज्ञाच्या दारात जायची गरज उरली नाही. तो पडदा सल्ला वाटण्यासाठी नव्हता, शिकण्यासाठी होता. आपण तेच यंत्र घेतलं आणि त्याचा उपयोग फक्त गोळ्यांची चिठ्ठी काढायला केला.

पण इतक्या लांब कशाला जायचं? आमच्या भूम-परंड्याच्या शेजारी जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे १९७० मध्ये काम सुरू केलं. गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर, बऱ्याचशा दलित बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं, आणि पुढे त्याच बायका देशोदेशींहून आलेल्या डॉक्टरांना शिकवायला उभ्या राहिल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि आमच्याच तुळजापूर तालुक्यात अणदूर आहे. तिथे डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायकांना घडवलं आणि त्यांना नाव दिलं 'भारतवैद्य'. नाव बघा. 'मदतनीस' नाही, 'कार्यकर्ती' नाही. वैद्य. ज्या मातीत हे झालं, तिथल्या आरोग्य शिक्षणाला 'टीम म्हणजे काय' हे परदेशी आराखड्यातून शिकायची वेळ यावी, याची मला लाज वाटते.

मग करायचं काय? मी धाराशिवपुरतं सांगते. १६ लाख ५७ हजार लोकसंख्या, २०११ च्या जनगणनेची. आठ तालुके. २०१८ पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाव. 'आकांक्षित' म्हणजे मागास हे सांगायची सरकारी रीत. पण शिक्षणाच्या बाबतीत आपल्याकडे एक दुर्मीळ संधी आहे. शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आधीपासून होतं. २०२२ मध्ये शंभर जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जिल्ह्यात नर्सिंग आहे, फार्मसी आहे. वीस-बावीस किलोमीटरवर तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा परिसर आहे, जिथे समाजकार्य शिकवतात. आणि उपकेंद्रांवर ई-संजीवनीचे टॅब पडून आहेत. मुंबई-पुण्याच्या जुन्या कॉलेजांच्या भिंती शंभर वर्षांच्या आहेत. इथे भिंतीचा गिलावा अजून ओला आहे. आत्ता दार ठेवलं तर राहील.

दर आठवड्याला दोन तास. सहा जणांचा गट: एक एमबीबीएस, एक बीएएमएस, एक नर्सिंग, एक फार्मसी, एक समाजकार्याचा विद्यार्थी आणि सहावी, शिक्षक म्हणून, एक आशा. हो, शिक्षक म्हणून, आणि मानधन घेऊन. उमरग्याची मुलगी उमरग्यातूनच जोडली जाईल, तिने धाराशिवला येण्यात अर्धा दिवस घालवायची गरज नाही. आधी बनावट पेशंट, मग नाव-ओळख काढून टाकलेले जुने खरे कॉल, मग शिक्षकाच्या देखरेखीखाली, पेशंटची परवानगी घेऊन, खरे पेशंट. दर वेळी खुर्च्या बदलायच्या. कॉलच्या सुरुवातीला प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं. हे फालतू वाटतंय? जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेची जी तपासयादी काढली, तिच्यात चिरा देण्याआधी नेमकं हेच करायला सांगितलंय. ज्याने एकदा स्वतःचं नाव मोठ्याने सांगितलंय, तो पुढे 'थांबा' म्हणायला कमी घाबरतो. कॉल संपल्यावर दहा मिनिटं एकच प्रश्न: कुणाला काय माहीत होतं, जे बोललं गेलं नाही?

आणि मार्क. मार्क नसतील तर आपल्याकडे कुणी काही शिकत नाही, हे मीही विद्यार्थी होते म्हणून सांगते. मार्क गटाला द्यायचे, एकट्याला नाही. फार्मसीच्या मुलाला औषधांची टक्कर दिसली आणि तो बोलला नाही, तर एमबीबीएसवाल्याचेही मार्क जातील. मग बघा, तो स्वतःहून विचारतो की नाही.

आता बाकीचे आक्षेप.

"अभ्यासक्रम आधीच भरलेला आहे." हो, भरलेला आहे. प्रत्येक कॉलेज तोच रक्तदाब वेगवेगळ्या वर्गात वेगवेगळा शिकवतं, म्हणूनही भरलेला आहे. त्यातले काही तास एकत्र करा. वाढवायचं काही नाही.

"नर्सला आणि आशाला डॉक्टर बनवायचंय का?" नाही. मला डॉक्टर व्हायचं असतं तर मी वेगळी परीक्षा दिली असती. मला चांगली नर्स व्हायचंय, आणि चांगली नर्स म्हणजे जिला दिसलेलं सांगता येतं ती. आपल्या राज्यात कोणी कोणतं औषध लिहावं यावरून संघटना रस्त्यावर येतात. ते भांडण त्यांनी खुशाल करावं. लिहिण्याचा अधिकार कुणाचा हा एक प्रश्न झाला. बोलण्याचा अधिकार कुणाचा हा दुसरा, आणि त्याबद्दल कुणीच रस्त्यावर येत नाही.

"जबाबदारी शेवटी डॉक्टरचीच असते." बरोबर. म्हणूनच त्याला पूर्ण माहिती मिळायला हवी. अर्ध्या माहितीवर सही करायला लावून जबाबदारी त्याच्या गळ्यात टाकणं, हा त्याच्यावरही अन्यायच आहे.

"नेट चालत नाही." खरंय. कधी नाही चालत. मग तेही शिकवा. कॉल तुटला, बाई समोर आहे, तपासणी अर्धी झाली आहे: आता कोण काय करेल, हे आधी ठरवलेलं असणं यालाच टीम म्हणतात.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एका मैत्रिणीने विचारला. ती दुसऱ्या उपकेंद्रावर आहे. ती म्हणाली, "अगं, आपण कंत्राटी. आशांचं मानधन महिनोन्महिने थकतं. डॉक्टर बाँड संपला की जाणार. माणसं टिकत नाहीत तिथे टीम कसली?" ती बरोबर आहे. शिक्षणाने पगार होत नाहीत. ज्या आशाताईंनी शिक्षक म्हणून बसावं असं मी म्हणते, त्यांना आधी आपल्या हक्काच्या पैशासाठी मोर्चा काढावा लागतो. त्यामुळे कुणी माझा हा लेख दाखवून 'बघा, भरती नको, फक्त ट्रेनिंग द्या' असं म्हणायला लागला, तर त्याला माझ्याकडे पाठवा. पण याच कारणासाठी मला ही गोष्ट कॉलेजात हवी आहे. माणसं बदलत राहणार असतील तर प्रत्येक नव्या माणसाशी पहिल्या मिनिटापासून एकत्र काम करता आलं पाहिजे. ते फक्त आधीपासून शिकलेल्यांनाच जमतं.

माझी भीती एकच आहे. हे सगळं होईल, पण आपल्या पद्धतीने होईल. 'टीमवर्क इन टेलिहेल्थ' नावाचा वेबिनार. पहिल्या स्लाइडवर मुंग्यांचा फोटो, कॅमेरा बंद ठेवलेले दोनशे विद्यार्थी, शेवटी प्रमाणपत्राचा क्यूआर कोड. त्यात बोलणारे सगळे डॉक्टर. एकही नर्स नाही. आशाचं तर नावही नाही. तसलं काही करणार असाल तर कृपा करा, नकोच.

हा लेख फोनवर वाचणाऱ्यांपैकी कुणी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला असेल, कुणी बीएएमएसला, कुणी माझ्यासारखी कॅप घालून वॉर्डात उभी असेल. तुमच्या कॉलेजात बदल व्हायला वर्षं लागतील. तोवर एक करा. उद्या वॉर्डात जाल तेव्हा शेजारच्या कॉलेजच्या एका माणसाचं नाव विचारा. मग विचारा, "या पेशंटबद्दल तुला असं काय माहीत आहे, जे मला माहीत नाही?" पहिल्यांदा विचित्र वाटेल. समोरचा गोंधळेल. त्याला आजवर हे कुणी विचारलेलंच नसेल.

आमच्या उपकेंद्रात मी एक छोटा बदल केला आहे. त्याला कुणाची ऑर्डर लागली नाही. टॅबसमोर पूर्वी एक खुर्ची असायची, माझी. आता तीन असतात. कॉल लागला की मी सांगते, "सर, मी अमुक, पेशंट ही, आणि या आमच्या आशाताई. यांना आधी बोलायचंय." काही डॉक्टर वैतागतात. काही ऐकतात.

पहिल्या दिवशी आशाताई कॅमेऱ्याकडे बघून एवढ्या लाजल्या की पदर तोंडाला लावून बसल्या. परवा एका म्हाताऱ्या बाबांचा कॉल चालू होता. डॉक्टर औषध लिहून कट करणार, तेवढ्यात आशाताई माझ्या खांद्यावरून पुढे झुकल्या. "थांबा सर," त्या म्हणाल्या, "ह्यांनी सकाळीच दुसऱ्या दवाखान्यातल्या गोळ्या घेतल्यात. मी बघितलंय." आणि कमरेच्या पिशवीतून त्यांनी गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून कॅमेऱ्यासमोर धरली.

डॉक्टर थांबले. "जरा जवळ धरा ताई," ते म्हणाले, "नाव वाचू द्या."